पाण्याकाठचा प्लॉट मे महिन्यात बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उजनी धरणाच्या बॅकवॉटरकाठी किंवा हिप्परगा तलावाच्या अंगाला प्लॉट घ्यायचा, पाण्याकडे तोंड करून बंगला बांधायचा आणि पुढ्यात स्विमिंग पूल करायचा, ही हौस आता सोलापुरात चांगलीच रुजली आहे. हौसेला आमची ना नाही. पण जाहिरातीतला फोटो हमखास ऑक्टोबरचा असतो आणि घर मात्र बारा महिने उभं राहायचं असतं. विसार देण्याआधी कळायला हव्यात अशा गोष्टी बहुतेकांना खड्डा खणताना कळतात, म्हणून हे पत्र.

आधी काठ कुठे आहे ते बघू. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आहे, तर मृतसाठ्याची (कालव्यांना सोडता न येणाऱ्या तळच्या पाण्याची) पातळी साधारण ४९१ मीटर. एकूण ११७ टीएमसीतलं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) ६३ टीएमसी पाणी हे मृतसाठ्याचं. टंचाईच्या वर्षी धरण ‘उणे’त जातं तेव्हा पाणी या खालच्या रेषेच्याही खाली उतरलेलं असतं. म्हणजे भरलेल्या आणि आटलेल्या धरणात उभा फरक सहा मीटरचा, कधी त्याहून जास्त. करमाळा, माढ्याकडचा काठ बऱ्याच ठिकाणी सपाट आहे. जमिनीचा उतार शंभर मीटरला एक मीटर धरला, तर सहा मीटर पाणी उतरताच काठ सहाशे मीटर लांब जातो. मेमध्ये गच्चीवरून पाण्याऐवजी गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातली पिकं) दिसते. म्हणून प्लॉट मेमध्ये बघावा आणि सप्टेंबरअखेर पुन्हा एकदा.

नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही. बेंचमार्कवरून (उंची आधीच ठरलेल्या खुणेवरून) लेव्हल काढून ४९६.८३ ची रेषा आपल्या जागेत कुठे येते ते सर्व्हेयरकडून खुंट्या मारून घ्यावं. बुडीत क्षेत्राचं संपादन कुठपर्यंत झालंय हे संपादनाच्या नकाशावरून आणि भूमी अभिलेखच्या मोजणीतून तपासावं. ‘पाण्यापर्यंत आपलीच’ ही तोंडी हमी कागदावर टिकत नाही. नदीकाठची जागा असेल तर निळी आणि लाल पूररेषा बघावी. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत घर बांधता येत नाही. दोन्हींच्या मधे परवानगी मिळाली तरी जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा निदान ४५ सेंटीमीटर वर घ्यावं लागतं.

मग माती. इथली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा देते. घराच्या चारही कोपऱ्यांत आणि पूल होणार तिथे मिळून निदान पाच चाचणी खड्डे तीन-तीन मीटर खोल घ्यावेत, म्हणजे मुरूम किती खाली आहे ते कळतं. दीड मीटरच्या आत मुरूम लागला तर काळी पूर्ण काढून पाया त्यावर न्यावा. खोल गेली असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी घेर वाढवलेले खांब. काळीवर फरशी किंवा टाकी टेकवायची वेळ आलीच, तर मधे न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा दाबलेला थर लागतो. ही पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी बसवली आणि कालव्यांच्या अस्तरीकरणात ती वापरली गेली आहे. थर एक मीटरच्या आसपास असावा. वीतभर मुरूम पसरून रोलर फिरवला म्हणजे झालं, असं नाही.

पूलच्या भिंतीमागे खणलेली काळीच परत ढकलायची, ही इथली सर्वांत महाग पडणारी काटकसर. पावसाळ्यात ती फुगून भिंत आत रेटते. उन्हाळ्यात आकसून भिंतीपासून सुटते, मधे बोटभर फट पडते आणि पहिल्या वळवाचं पाणी त्या फटीतून थेट तळाखाली उतरतं. त्यामुळे भिंतीचा हिशेब दोन्ही अंगांनी करावा लागतो: पूल रिकामा आणि बाहेर माती फुगलेली; पूल भरलेला आणि बाहेर मातीचा टेकूच नाही. सळई दोन्ही बाजूंना हवी, एका बाजूला जाळी टाकून काम होत नाही. मागचा भराव मुरमाचा, २०० मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मस केलेला.

याच पूलला पाण्याकाठी आणखी एक धोका असतो. रिकामा पूल तरंगतो. वाचताना गंमत वाटेल, पण हिशेब साधा आहे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, दीड मीटर खोल पूल, भिंती आणि तळ २० सेंटीमीटर जाडीचे. काँक्रीट साधारण १५ घनमीटर, वजन साडेसदतीस टन. बाहेरून मोजलं तर तळाचं क्षेत्र ३७ चौरस मीटर. म्हणजे भूजल तळापासून एक मीटर वर चढलं की वर ढकलणारा जोर ३७ टन होतो, टाकीच्या वजनाइतका. त्यावर चार बोटं पाणी वाढलं की टाकी जागा सोडते. एक कोपरा वर येतो, पाइपांचे सांधे तुटतात, आणि उचललेली टाकी परत जागेवर बसत नाही. धरण भरतं ते ऑगस्ट-सप्टेंबरात आणि काठच्या विहिरींची पातळीही त्याच सुमाराला चढते. नेमकं तेव्हाच पावसाळ्यानंतरची सफाई म्हणून पूल उपसायची बुद्धी होते!

उपाय बांधतानाच करायचे. तळाखाली १५० ते २०० मिलिमीटर खडीचा थर, त्यात छिद्रांचा पाइप, आणि तो पाइप बाहेर एका निरीक्षण कुंडीत आणलेला. कुंडीचं झाकण उघडलं की बाहेरचं पाणी कुठवर आलंय ते दिसतं, शिवाय तिथे छोटा पंप टाकता येतो. तळाचा स्लॅब भिंतीबाहेर ३०० मिलिमीटर काढला तर त्यावरच्या मुरमाचं वजन टाकीला धरून ठेवतं. पूलच्या आत, खोल बाजूच्या तळातल्या कुंडीत हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवावा; बाहेरचा दाब वाढला की तो उघडून पाणी आत घेतो. मात्र तो गाळाने चिकटतो, म्हणून सगळा भरवसा त्याच्यावर ठेवू नये. पूल पूर्ण रिकामा करायचा तर मेमध्ये, निरीक्षण कुंडी कोरडी बघूनच. ऐन टंचाईत पाणी सोडायचं जिवावर येतं हे खरं, म्हणून उपसलेलं पाणी साठवायला दुसरी टाकी आधीच धरावी.

पाणी धरणाऱ्या बांधकामासाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक लागू आहे. काँक्रीट एम-३० या प्रतीच्या खाली नको, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नको. म्हणजे पोत्यामागे साडेबावीस लिटर, वाळूतला ओलावा धरून. गिलावा मिस्तरी हाताने लावतो, पण पाणी तो डोळ्याने घालतो. माल घट्ट वाटला की बादलीभर जास्त ओततो, आणि तीच बादली पुढे भिंतीतून झिरपते. माल सैल हवा असेल तर प्लास्टिसायझर घाला, पाणी नको. तळ आणि भिंतीच्या सांध्यात पीव्हीसी वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) हवाच. सांधा तळाच्या पातळीवर न ठेवता १५० मिलिमीटर वर, भिंतीचा तेवढा खालचा भाग (स्टार्टर) तळाबरोबरच ओतून.

एप्रिल-मेमध्ये ओतकाम पहाटे किंवा सूर्य कलल्यावर करा. ओतताना मालाचं तापमान ४० अंशांच्या खाली हवं. उन्हात पडलेली खडी आदल्या रात्री भिजवावी, सिमेंट सावलीत ठेवावं. दुपारी वाऱ्यावर ओतलेल्या तळाला तासा-दोन तासांत केसासारख्या भेगा पडतात. त्यांवर सिमेंटचा रगडा फिरवून त्या झाकल्या जातात, बुजत नाहीत. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला १४ दिवस पाणी. भिंतींवर गोणपाट, ते वाळू द्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणं म्हणजे क्युरिंग नव्हे, भिंत दुपारी चटके देत असते.

पाइपलाइन पुरण्याआधी दोन बारला २४ तास दाबाखाली ठेवावी आणि गेज डोळ्यांसमोर असावं. टाइल बसवण्याआधी टाकी भरून सात दिवस बघावी. गळती की बाष्पीभवन हे ओळखायला बादली पुरते: भरलेली बादली पूलच्या पायरीवर पाण्यात ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी खडूने आखा, २४ तासांनी बघा. बाहेरची जास्त उतरली असेल तर गळती आहे. शाबूत काँक्रीटमध्ये गळती बहुधा पाइप आणि दिवे भिंतीत शिरतात तिथे सापडते.

पाण्याचा हिशेब आमच्या मते सगळ्यांत आधी मांडायला हवा. वर दिलेल्या मापाच्या पूलमध्ये सरासरी १.३५ मीटर पाणी धरलं तर सुमारे ४३,००० लिटर मावतं, म्हणजे दहा हजारी चार टँकर आणि वर थोडं. उन्हाळ्यात दिवसाला ८ ते १० मिलिमीटर उडतं, ३२ चौरस मीटरवर रोज २५० ते ३२० लिटर. महिन्याला एक टँकर वाऱ्यावर! शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना हा टँकर शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपणारच. रिळावर गुंडाळायचं बबल कव्हर पोहणं नसताना ओढून घेतलं तर यातलं बहुतेक वाचतं. पावसाळ्यात गच्ची कामाला येते: १५० चौरस मीटर गच्चीवर वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस, त्यातला ८० टक्के धरला तरी ६६,००० लिटर. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, बाकीचं टाकीत घ्या.

गच्चीचं पाणी हवं याचं आणखी एक कारण आहे. बोअरचं पाणी इथे बहुधा क्षाराचं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. महिन्याला पाव पूल पाणी नव्याने ओतलं की तेवढे क्षार चढत जातात आणि चार महिन्यांत पाण्याच्या रेषेवर टाइलला पांढरा थर बसतो. काचेसारखा घट्ट, ब्रशने न निघणारा. पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी ८० ते १२०, कॅल्शियम हार्डनेस ४०० च्या आत आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) ठेवावं. या मापाला १ पीपीएम वाढवायला १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन साधारण ४३० मिलिलिटर लागतं. दुपारच्या उन्हात ते दोन तासांत उडून जातं, म्हणून मात्रा संध्याकाळी. स्टॅबिलायझर ३० ते ५० पीपीएम ठेवला की दिवसाही टिकतं. त्यासाठी सुरुवातीला सव्वा-दीड किलो पुरतो. ब्लीचिंग पावडर स्वस्त, पण ती चुना वाढवते, तेव्हा नकोच. बॅकवॉटरचं पाणी थेट पूलमध्ये उपसू नये. त्यासाठी परवानगी लागते हे आहेच, शिवाय ते शेवाळाचं बी घेऊनच येतं. मेमध्ये पाणी तिशीपार गेलं की दोन दिवसांत पूल हिरवा.

सध्या ‘क्लोरीन नको, मिठाचा पूल घ्या’ असं सांगून क्लोरिनेटर विकले जातात. मिठापासून क्लोरीनच तयार होतं, हे एक. दुसरं म्हणजे लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ लागतं, या मापाला १५० किलो, पन्नासची तीन पोती. बॅकवॉश करून (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुऊन) हे पाणी बागेत सोडलं की काळी जमीन चोपण (सोडियमने घट्ट, नापीक) होते. ज्या जिल्ह्यात चोपण जमिनी सुधारायला शेतकरी जिप्सम टाकतो, तिथे पैसे देऊन ती तयार करायची?

फिल्टर या मापाला ५०० ते ६०० मिलिमीटर व्यासाचा, पंप तासाला ७ घनमीटर उचलणारा, म्हणजे सहा तासांत पाणी एकदा फिरतं. गेज स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा अर्धा बार चढलं की बॅकवॉश, दोन-तीन मिनिटं. रोज करून पाणी घालवू नये. वारा उन्हाळ्यात पश्चिमेकडचा, त्यामुळे कचरा पूर्वेला जमतो. स्किमर (वरचा कचरा ओढून घेणारं तोंड) पूर्वेच्या भिंतीत ठेवा. गळीत हंगामात उसाच्या फडातली आणि चिमणीची काजळीही पाण्यावर बसते.

घराबद्दल थोडं. करमाळा, माढ्याच्या बाजूला पाणी नैर्ऋत्य-पश्चिमेला, म्हणजे देखावा आणि दुपारचं ऊन एकाच दिशेला. तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच साध्या काचेतून मेच्या दुपारी साडेतीन किलोवॉटच्या आसपास उष्णता आत येते. एक टनाचा एसी त्या एका काचेलाच खर्ची पडतो. आतले पडदे फारसं थांबवत नाहीत, ऊन काचेबाहेरच अडवावं लागतं. तिथे तीन मीटर खोल ओसरी काढा आणि पुढे चिकाचे पडदे सोडा. जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीचं छत दुपार पेलून धरायचं. आता तेवढी जाडी नाही, म्हणून गच्चीला ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे). पूलभोवती कडप्पा अजिबात नको, पाय भाजतात. खरबरीत शहाबादी फरशी बरी. मात्र पूलचं ॲसिड तिच्यावर सांडू देऊ नका, चुनखडीचा दगड तो, फेसाळून खड्डा पडतो.

शोषखड्डा काळीत चालत नाही, पाणी मुरतच नाही आणि धरण भरलं की उलटं वर येतं. तो मुरमात न्यावा, विहिरीपासून निदान १८ मीटर लांब.

शेवटी वीज. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच, ट्रान्सफॉर्मर पूलपासून दूर, पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारी कळ) आणि तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघितलेलं. तळाची सक्शन दोन ठिकाणी, निदान एक मीटर अंतराने आणि जाळीसह, म्हणजे मूल एकीवर बसलं तरी ओढ दुसरीकडे वळते. कठडा सव्वा मीटर उंच, फाटक आपोआप बंद होणारं. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये या ओळी नसतील तर त्या लिहून घ्या आणि मगच आगाऊ रकमेचा चेक फाडा.

आपले,
सोलापुरातील काही स्थापत्य अभियंते व बांधकाम ठेकेदार