जेम्सटाऊनहून आल्यावर मनूला

बफेलो, न्यूयॉर्क राज्य

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला होता. तुला मालिकेत नायिकेच्या मैत्रिणीचं काम मिळालं हे तिने आधी आनंदाने सांगितलं. मग आवाज खाली आणून बाकीचंही सांगितलं. सकाळी सातचा कॉल टाइम, रात्री उशिरा पॅकअप, दिवसभर मेकअप रूममध्ये बसून तुझ्या वाट्याला दोन वाक्यं, आणि त्यातलं एक एडिटला उडालं. तू त्या रात्री खूप रडलीस असंही कळलं. भाऊजींचं म्हणणं, अजून वेळ गेलेली नाही, एम.कॉम. पूर्ण करून टाक. त्या वादात मी पडणार नाही. पण मध्यंतरी आम्ही जेम्सटाऊनला जाऊन आलो आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात घोळतं आहे. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून हे पत्र.

जेम्सटाऊन आमच्याकडून दीडेक तासावर आहे. एकेकाळी फर्निचरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेलं, आता बरंचसं शांत झालेलं गाव. अमेरिकन टीव्हीवरची गाजलेली विनोदी अभिनेत्री लुसिल बॉल तिथे ६ ऑगस्ट १९११ ला जन्मली. तिची ‘आय लव्ह लुसी’ ही मालिका १५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि इथल्या लोकांना ती अजून तोंडपाठ आहे. माझ्या शेजारच्या आजी तिचे प्रसंग सांगताना अजूनही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. गावात तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, देसी आर्नाझचं, संग्रहालय आहे. मालिकेतलं घर तिथे जसंच्या तसं उभं केलंय. मी मात्र त्या सोफ्यापुढे फार वेळ थांबले नाही. मी अडकले ती मालिका सुरू होण्याआधीच्या वर्षांत. कारण मालिका सुरू झाली तेव्हा ती चाळीस वर्षांची होती, आणि सिनेमात येऊन तिला अठरा वर्षं झाली होती.

वडील टेलिफोनच्या तारा टाकणारे. लुसिल तीन वर्षांची असताना ते विषमज्वराने गेले, सत्ताविसाव्या वर्षी. आई पोटुशी होती. मग आजोळी, सेलोरोन नावाच्या तळ्याकाठच्या गावात, ती वाढली. आजोबांना नाटकाचा आणि व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या, खेळांचा नाद, ते नातवंडांना घेऊन जायचे. पंधराव्या वर्षी आईने तिला न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत घातलं. पुढे हॉलिवूडची मोठी नटी झालेली बेटी डेव्हिस त्याच शाळेत शिकत होती, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. लुसिलच्या तोंडून शब्द फुटेना. शिक्षकांनी घरी कळवलं की हिच्यावर पैसे घालवू नका. ती परत आली. पुढच्याच वर्षी घराच्या अंगणात नेमबाजी चालू असताना बंदुकीची गोळी शेजारच्या मुलाला लागली आणि तो कायमचा अधू झाला. खटला झाला, आजोबांचं राहतं घर गेलं. हे सगळं अठरा वर्षांची व्हायच्या आत.

पुन्हा न्यूयॉर्क, कपड्यांच्या दुकानात मॉडेल म्हणून उभं राहणं, आणि १९३३ मध्ये हॉलिवूड. पहिल्या सिनेमात ती घोळक्यातल्या मुलींपैकी एक होती. मग आरकेओ या स्टुडिओत दुकानातली मुलगी, कोणाची तरी मैत्रीण. पुढे भूमिका थोड्या मोठ्या झाल्या, पण सिनेमे कमी खर्चाचे, मोठ्या सिनेमाच्या जोडीला लावायचे. तिला ‘बी’ चित्रपटांची राणी म्हणायचे, आणि ते कौतुक नव्हतं.

मनू, आता नीट वाच. आरकेओत तेव्हाची प्रसिद्ध नटी जिंजर रॉजर्स हिची आई, लीला रॉजर्स, नव्या मुलींना अभिनय शिकवायची. तिथे लुसिल मन लावून शिकली. नंतर एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओत गेली तर तिथे बस्टर कीटन होता. मूकपटांतला एवढा मोठा विनोदवीर, पण तेव्हा त्याचे दिवस फिरले होते आणि तो दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी गमती सुचवायचं काम करत होता. त्याच्याकडून ती वस्तूंबरोबर काम करायला शिकली. टोपी, शिडी, ताट, काहीही असो, ते आधी हातात घ्यायचं, वजन बघायचं, कुठून निसटतं ते बघायचं, आणि मगच कॅमेऱ्यापुढे जायचं. पुढे रेडिओवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ मिळालं, १९४८ मध्ये. तिथे ती कागदावरून नीट वाचायची, पण समोर बसलेल्या प्रेक्षकांशी नातं जुळत नव्हतं. लेखक-निर्माता जेस ओपेनहायमर याने तिला जॅक बेनी या विनोदवीराचा कार्यक्रम प्रत्यक्ष बघायला पाठवलं. ती बघून आली आणि तिचं काम बदललं. तेव्हा ती नवखी नव्हती, सदतिशीची होती.

म्हणून मला वाटतं, तुझ्या मेकअप रूममधल्या तासांना वाया गेलेले तास म्हणू नकोस. तुझ्या सेटवर ज्येष्ठ कलाकार आहेत, त्यातले कितीतरी रंगभूमीवरून आलेले. त्यांचा सीन लागला की मॉनिटरमागे जाऊन उभी राहा. लाइट कसे लावतात ते विचार. कोणी हाकलून दिलं तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला विचार.

आता देसीबद्दल. तो क्युबाहून आलेला बँडवाला, तिच्यापेक्षा वयाने लहान. १९४० मध्ये लग्न केलं. तो बँड घेऊन गावोगाव, ही हॉलिवूडमध्ये, संसार कसला तो पत्रांत आणि ट्रंककॉलवर. म्हणून सीबीएस या वाहिनीने रेडिओचा कार्यक्रम टीव्हीवर आणायचं ठरवलं तेव्हा ती म्हणाली, नवऱ्याचं काम माझा नवराच करेल. वाहिनीला ते पटेना. असा परदेशी उच्चारांचा नवरा अमेरिकन बाईला शोभतो असं लोक मानणार नाहीत, असं त्यांचं मत. तेव्हा या दोघांनी स्वतःचा खेळ बसवला, १९५० च्या उन्हाळ्यात थिएटरांतून त्याचे प्रयोग केले आणि लोक हसतात हे दाखवून दिलं. मला हे फार आवडलं. तिने वाद घालत वेळ घालवला नाही.

पुढचा भाग तर प्रत्येक नटाने पाठ करावा असा आहे. त्या काळी टीव्हीचे बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट व्हायचे. देशाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं पडद्यावरून टिपलेलं धूसर चित्रण दाखवायचे. पुरस्कर्ती सिगारेट कंपनी म्हणाली, न्यूयॉर्कला या. हे दोघं म्हणाले, आम्ही हॉलिवूड सोडणार नाही, आम्ही सिनेमासारखं फिल्मवर चित्रीकरण करू. त्याला खर्च जास्त. तेव्हा त्यांनी आपल्या मोबदल्यातून आठवड्याला १००० डॉलर कमी घेतले, आणि बदल्यात मागितलं ते एवढंच, की या फिल्मची मालकी आमच्या कंपनीची, देसिलूची. कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार? पुढे त्याच जुन्या भागांसाठी सीबीएसला ४० लाख डॉलरहून जास्त मोजावे लागले. मालकीची कल्पना मुख्यतः देसीची होती, हे लिहायला हवं. लोक त्याला लुसीचा नवरा म्हणून विसरतात, पण व्यवसायाचं डोकं त्याचं होतं.

चित्रीकरणही नव्या तऱ्हेचं. एकाच वेळी तीन कॅमेरे, ३५ मिमी फिल्म, आणि समोर तीनशेच्या आसपास प्रेक्षक. सगळ्या कोनांतून एकदम चालेल असा प्रकाश कसा द्यायचा हा प्रश्न कार्ल फ्रॉइंडने सोडवला. जर्मनीत मूकपटांच्या काळापासून नावाजलेला हा छायाचित्रकार. आठवडाभर तालीम आणि मग एका संध्याकाळी नाटकासारखं सलग काम. तुमच्याकडे रोज एक भाग द्यायचा असतो, तालमीला वेळ कुठला, हे मला कळतं. तरीही सांगते, लुसिल तालमीत भयंकर कडक होती. पडद्यावर ती धांदरट वाटते, पण त्या धांदरटपणातली प्रत्येक पापणी ठरवलेली असायची. चॉकलेटच्या कारखान्याचा भाग आहे ना, सप्टेंबर १९५२ मधला, तो मिळाला तर बघच. पट्ट्यावरून चॉकलेटं येताहेत, वेग वाढतोय, आणि लुसी व तिची मैत्रीण ती तोंडात, टोपीत, पोलक्यात कोंबताहेत. त्याच भागात चॉकलेट बुडवणारी जी बाई तिच्या शेजारी बसते, ती खरीखुरी त्या धंद्यातली कामगार होती, नटी नव्हती. तिचे हात बघ आणि मग लुसीचे हात बघ.

आणि पट्ट्यापाशी तिच्याबरोबर जी दुसरी आहे ती व्हिव्हियन व्हान्स. तिचं काम काय? शेजारीण आणि मैत्रीण. म्हणजे तुझंच काम. सहायक अभिनेत्रीसाठीचं पहिलं एमी, म्हणजे टीव्हीवरच्या कामाचं मोठं पारितोषिक, तिला मिळालं, १९५४ मध्ये. मी तो भाग आता पुन्हा बघितला तेव्हा मुद्दाम तिच्याकडेच बघत बसले. लुसी काही वेडेपणा करणार असेल तर आपल्याला ते आधी व्हिव्हियनच्या चेहऱ्यावर कळतं. ऐकायचं कसं हे त्या बाईकडून शिकावं. दोन वाक्यं असोत की शून्य, कॅमेऱ्यात तू दिसतेस तोवर तुझं काम चालूच आहे.

ताईला एक गोष्ट आवर्जून सांग. लुसिलची आई जवळजवळ प्रत्येक चित्रीकरणाला प्रेक्षकांत येऊन बसायची, आणि तिचं हसू त्या ध्वनिमुद्रणात आहे. ज्या बाईने नवरा गेल्यावर पोरीला वाढवलं, शाळेने नाकारलेल्या पोरीला पुन्हा जाऊ दिलं, तिचं हसू आजही भाग लागला की घराघरांत ऐकू येतं. ताईने एकदा तुझ्या सेटवर यावं असं मला वाटतं. परवानगी मिळत असेल तर विचार.

१९५२ मध्ये लुसिल पुन्हा गरोदर राहिली. पहिली मुलगी झाली होती ती मालिका सुरू व्हायच्या तीन महिने आधी. आता काय करायचं? त्या काळात गरोदर बाई टीव्हीवर दाखवायची नाही अशीच रीत. यांनी ठरवलं की मालिकेतली लुसीही गरोदर. वाहिनीने ‘प्रेग्नंट’ हा शब्द वापरू दिला नाही. संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रॉटेस्टंट धर्मगुरू आणि एक ज्यू रब्बी तपासायचे. १९ जानेवारी १९५३ ला मालिकेतल्या लुसीला मुलगा झाला, आणि त्याच दिवशी खऱ्या लुसिललाही. तो भाग ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी होता, त्याला एवढे प्रेक्षक नव्हते. आज मालिकांत डोहाळजेवणं आठवडा आठवडा चालतात, तेव्हा हे वाचून तुला नवल वाटेल.

सगळं गोड नव्हतं. त्याच वर्षी तिच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आळ आला. आजोबांच्या समाधानासाठी १९३६ मध्ये तिने त्या पक्षाची मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं. त्या दिवसांत असल्या आळाने लोकांची कामं कायमची गेली. देसीने चित्रीकरणाआधी प्रेक्षकांसमोर उभं राहून तिची बाजू मांडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून ती वाचली. पण लग्न नाही वाचलं. त्याची दारू, बाहेरच्या भानगडी. मार्च १९६० मध्ये दोघांनी शेवटचा भाग एकत्र केला आणि दुसऱ्याच दिवशी तिने घटस्फोटाचा अर्ज दिला. दिवसभर कॅमेऱ्यापुढे ज्याच्याशी संसार केला त्याच्याशी घरी बोलणं होत नसेल, तर ते कसे दिवस असतील? संग्रहालयात त्यांचे हसरे फोटो बघताना माझ्या मनात तेच येत होतं.

मधल्या काळात, १९५७ मध्ये, देसिलूने आरकेओचे स्टुडिओ विकत घेतले होते. तेच आरकेओ, जिथे ती दुकानातली मुलगी म्हणून उभी राहायची. १९६२ मध्ये तिने देसीचा हिस्साही घेतला आणि एवढा मोठा स्टुडिओ चालवणारी ती पहिली बाई ठरली. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळावरच्या मालिकेला तिच्याच कंपनीतल्या लोकांचा विरोध होता, खर्च परवडणार नाही म्हणून. ती मागे उभी राहिली म्हणून ती मालिका झाली. १९६७ मध्ये तिने कंपनी १ कोटी ७० लाख डॉलरला विकली. स्वतःच्या मालिका मात्र १९७४ पर्यंत चालूच ठेवल्या.

१९८६ ची शेवटची मालिका काही आठवड्यांतच बंद केली गेली. पंचाहत्तरीतल्या बाईला शिडीवरून लोंबकळताना बघून लोक हसेनात, त्यांना काळजी वाटायला लागली. तिला ते फार लागलं असं तिच्या जवळचे सांगतात. २६ एप्रिल १९८९ ला ती गेली. मला वाटतं, तिने तो हट्ट करायला नको होता. पण आयुष्यभर जिला काम म्हणजे श्वास होता तिला घरी बस कोण सांगणार?

आता कामाचं. तू सही केलेलं कॉन्ट्रॅक्ट मला फोटो काढून पाठव. ताई म्हणाली, तू शेवटची पानं न वाचताच सही केलीस, कारण तिथे सगळ्याच करतात. किती दिवस बांधून घेतलंय, दुसरं काम घेता येतं का, पैसे किती दिवसांनी मिळणार, ओटीटीवर किंवा पुन्हा प्रक्षेपण झालं तर त्यात काही मिळतं का, एवढं तरी आपल्याला माहीत हवं. दादाच्या ओळखीच्या वकिलीणबाई आहेत, त्या बघून देतील, मी बोलले आहे त्यांच्याशी. पुढच्या कॉन्ट्रॅक्टला त्यांना विचारल्याशिवाय सही करायची नाही.

भाऊजींना नमस्कार सांग. एम.कॉम.चं दुसरं वर्ष बाहेरून देता येत असेल तर फॉर्म भरून टाक, त्यांनाही बरं वाटेल. आजीचं गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, ते तेवढं आणून दे. आणि तुझा सीन ज्या दिवशी लागणार असेल त्याची तारीख आधी कळव, इथे सकाळी उठून बघेन.

तुझी,
मावशी