एका आडव्या रेघेबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

हे पत्र अकरा वर्षं उशिरा येतंय. उशिरा आलेल्या जर्नलचे तुम्ही मार्क कापायचात, पण जर्नल कधी परत पाठवलं नाहीत. त्या भरवशावर लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही. पण तुमच्या हाताखालून गेलेल्या कुणी हे वाचलं, तर दोन-चार ओळींतच त्यांना कळेल की मी कुणाबद्दल बोलतेय.

निमित्त गेल्या महिन्यातलं. मी आता औषधांच्या गुणवत्ता तपासणीत काम करते. एका बॅचमध्ये मुख्य द्रव्य किमान ९५ टक्के असायला हवं होतं, ते ९४.६ निघालं. बॅच निघायची घाई होती. शेजारच्याने सहज म्हटलं, "परत इंजेक्ट करून बघ, बसेल." एचपीएलसीवर, म्हणजे औषधातलं द्रव्य मोजणाऱ्या यंत्रावर, तोच नमुना चार वेळा चालवला तर एखादा आकडा बसतोही. मी ९४.६ लिहिलं, सही केली आणि चौकशी उघडली. चौकशीला चार दिवस लागले. चूक वजनकाट्याची नव्हती, माझीही नव्हती. बॅचच कमी भरली होती. त्या रात्री घरी येऊन मी पहिल्या वर्षाचं जर्नल शोधून काढलं.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन. ब्युरेटच्या नळीतून जांभळं द्रावण थेंबाथेंबाने फ्लास्कमध्ये सोडायचं, रंग टिकला की थांबायचं आणि किती लागलं ते वाचायचं. तुम्हाला आठवत असेल-नसेल, मला त्या टेबलावरचा जांभळा डागसुद्धा आठवतो. माझी तीन वाचनं आली होती ९.४, १०.१ आणि ९.७. सीबीआर, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे सारखं यायला हवं, एवढंच मला माहीत होतं. मी खोडरबर काढला आणि तिन्ही ठिकाणी १०.० लिहिलं. तुम्ही पान पाहिलंत, कागद उजेडाकडे धरलात आणि विचारलंत, "तीनदा सारखं आलं? ब्युरेटला इतकं शिस्तीत वागताना मी बावीस वर्षांत पाहिलं नाही."

मला वाटलं, आता सगळ्यांसमोर उभं करणार. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "खोडलेले आकडे सांग." मी सांगितले. तुम्ही क्षणभर थांबलात आणि विचारलंत, "फ्लास्क गरम केला होतास?" पहिला केला नव्हता. दुसरा केला होता. तिसरा केला, पण मैत्रिणीशी बोलता बोलता तो निवला होता.

मग तुम्ही जे समजावलंत ते मी त्यानंतर किती जणांना समजावलं असेन. थंड द्रावणात ही अभिक्रिया सुरुवातीला रेंगाळते. थेंब टाकला की गुलाबी रंग तसाच राहतो आणि नवशिक्याला वाटतं, झालं, एंड पॉइंट आला. म्हणून साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं. शिवाय अभिक्रियेतून जे मँगनीज आयन तयार होतात तेच पुढे उत्प्रेरकाचं काम करतात, म्हणून पहिल्या थेंबांना धीर धरायचा, नंतरचे आपोआप झपाझप विरतात. "तुझं ९.४ चुकीचं नव्हतं," तुम्ही म्हणालात. "ते सांगत होतं की फ्लास्क थंड आहे. तू त्याचं तोंड दाबलंस. आता १०.० बघून मला तुझी चूक कशी सापडणार?"

मग खोडरबर स्वतःच्या खिशात टाकलात (तो मला अजून परत मिळालेला नाही) आणि रीत सांगितलीत. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. बाजूला बरोबर आकडा, त्यापुढे आद्याक्षरं आणि तारीख. खाडाखोड नाही, पांढरा रंग नाही, पान फाडणं तर नाहीच. आज माझ्या नोकरीत याच गोष्टीचं मोठं नाव आहे, तिच्यावर प्रशिक्षणं होतात, संगणकातल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते. मला ती एका स्टुलावर बसून फुकट मिळाली.

आता चॅपेलबद्दल. आपलं विद्यापीठ ख्रिस्ती, तेव्हा बायबलचा पेपर आणि चॅपेलची हजेरी सगळ्यांनाच होती. मी त्या श्रद्धेत वाढलेली नव्हते. पहिल्या सत्रात मला ती हजेरी जाचायची. तुम्ही मागच्या बाकावर बसायचात, नाकावर गॉगलचा लाल वळ तसाच, कारण साडेआठच्या प्रॅक्टिकलची तयारी करून धावत आलेल्या असायचात. एकदा मी धीर करून विचारलं की माझा विश्वास नसताना मी इथे बसणं खोटं नाही का. तुम्ही म्हणालात, "हजेरी शरीराची घेतात. बाकीचं काय द्यायचं ते तुझं तू ठरव. पण बसलीस तर ऐक, झोपू नकोस." त्यानंतर तुम्ही या विषयावर चार वर्षांत एक शब्दही काढला नाहीत. त्या न काढलेल्या शब्दाचेही आभार.

विभागाच्या जिन्यात भाविक शास्त्रज्ञांची चित्रं होती, बॉइल, डाल्टन, फॅरडे. पाहुणे आले की त्यांच्यापुढे थांबून छोटंसं भाषण व्हायचं. तुम्हाला ते आवडायचं नाही, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसायचं. एकदा वर्गात बोलूनही गेलात की बॉइल भाविक होता म्हणून त्याचा नियम खरा ठरत नाही, त्याने नळीत पारा ओतून हवा दाबून पाहिली, म्हणून ठरतो. तुमच्याइतकी नियमाने प्रार्थना करणारी बाई हे म्हणते, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही.

त्या जिन्यात नसलेल्या माणसाची गोष्ट मात्र तुम्ही सांगितलीत, दोन दिवसांत तोडून. तिसऱ्या वर्षाचा ॲसिटिलीनचा तास होता. पहिल्या दिवशी तुम्ही फडताळातून जाड काळे हातमोजे आणून टेबलावर टाकलेत आणि म्हणालात, हे एका धर्मगुरूची देणगी समजा. ज्यूलियस न्यूलंड, अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातला कॅथलिक फादर, बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवणारा, पण मन ॲसिटिलीनमध्ये अडकलेलं. ॲसिटिलीनचे रेणू एकमेकांना जोडायची त्याची पद्धत त्याने १९२५ मध्ये एका परिषदेत सांगितली. ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या लोकांनी ती ऐकली, पुढे अशा जोडलेल्या रेणूवर हायड्रोजन क्लोराइडची क्रिया करून क्लोरोप्रीन बनवलं, आणि १९३० मध्ये त्यातून निओप्रीन निघालं. तेलाने सहजी न फुगणारं कृत्रिम रबर, ते हातमोजे त्याचेच. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या त्या फादरने त्यातला पैसा स्वतःसाठी ठेवला नाही. आम्ही खूश. गोष्ट छान संपली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हातमोजे आणलेच नाहीत. फळ्यावर ॲसिटिलीन आणि आर्सेनिक ट्रायक्लोराइड लिहिलंत, बाणावर ॲल्युमिनियम क्लोराइड. हाच माणूस १९०४ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात पीएचडी करत होता. ही अभिक्रिया त्याने करून पाहिली, जे निघालं त्याच्या वाफेने तो इतका आजारी पडला की रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. त्याने तो नाद सोडला, पण जे घडलं ते प्रबंधात लिहिलं. चौदा वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, त्याच विद्यापीठात लष्करासाठी काम करणाऱ्या विनफर्ड ली लुईस यांच्यापर्यंत तो प्रबंध पोचला. त्यातून कातडी जाळणारं युद्धरसायन तयार झालं, लुईसाइट. ते आघाडीवर वापरलं जाण्याआधीच १९१८ मध्ये युद्ध संपलं.

वर्गात कुणीतरी विचारलं, मग त्याने ते लिहायलाच नको होतं ना? माझी नजर नकळत माझ्या जर्नलकडे गेली, कारण तुम्हीच तर आम्हाला सगळं लिहायला लावत होतात. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. म्हणालात, "परीक्षेत हे विचारत नाहीत, म्हणून मी विचारते. सोमवारी दोन पानं लिहून आणा." मी चार पानं लिहिली आणि कुठल्याच बाजूला पोचले नाही. तुम्ही खाली लिहिलंत, 'पोचली नाहीस, पण रस्ता लपवला नाहीस.' आणि दहापैकी सहा दिलेत. अजूनही वाटतं, सात तरी द्यायला हवे होते.

त्याच गोष्टीचं शेपूट तुम्ही पुढच्या सत्रात, संकुल संयुगांच्या तासाला, जणू सहज आठवल्यासारखं जोडलंत. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डला पीटर्स यांच्या गटाने लुईसाइटवर उतारा शोधला. त्या उताऱ्याच्या रेणूत शेजारी-शेजारी दोन गंधकं आहेत, ती आर्सेनिकला चिमट्यात धरतात. अशा पकडीला चिलेट म्हणतात, तो शब्दच मुळी ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून आलाय. तोच उतारा पुढे आर्सेनिकच्या, पाऱ्याच्या विषबाधेवर रुग्णांना देत आले. तुम्ही एवढं सांगून थेट ईडीटीएच्या, म्हणजे धातूला असंच पकडणाऱ्या द्रव्याच्या, टायट्रेशनवर गेलात, "म्हणून बघा, वाईटातून चांगलं निघतं" वगैरे काही न म्हणता. मी वहीत समासात खेकडा काढला होता. तो आहे अजून.

थर्मोडायनॅमिक्समध्ये मी आपटले, त्याबद्दल फार लिहीत नाही. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही थांबायचात, गिब्जचं समीकरण आणि मी, दोघांची समजूत काढायचात. रखवालदार किल्ल्या वाजवायला लागला की उठायचं. त्या गुरुवारांचा हिशेब तुम्ही कुठेच मांडला नसणार. मी पास झाले, एवढं सांगते.

आता जे सांगायला खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. त्या रात्री जर्नल उलगडताना, परमँगनेटच्या दोन आठवडे आधीचं पान समोर आलं. बेंझोइक आम्लाचं पुनर्स्फटिकीकरण, म्हणजे विरघळवून पुन्हा स्फटिक करून शुद्ध करणं. तुमची लाल सही, 'छान, शुद्ध नमुना'. मॅडम, तो शुद्ध नव्हता. ओव्हन दुसऱ्या गटाने अडवला होता, मी स्फटिक गाळणकागदात दाबून, किती अंशांना वितळतात ते बघायला, तसेच ओले केशनळीत भरले. ते ११७ अंशांपासून घामाळायला लागले आणि रेंगाळत वितळले. पुस्तकात १२२ होतं, म्हणून मी १२२ लिहिलं. खोडायचीही गरज पडली नाही, सरळ तेच लिहिलं, त्यामुळे उजेडाकडे धरूनही तुम्हाला दिसलं नसतं. खोडरबर गेल्यावर मी इतर सगळी पानं सरळ केली, पण या पानावर तुमची शाबासकी होती, म्हणून गप्प बसले.

परवा त्या १२२ वर एक आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, ११७ ते १२०, नमुना ओला. आद्याक्षरं घातली, तारीख त्याच दिवसाची घातली, मागची नाही. पान सोबत जोडते आहे. मार्क कापून परत पाठवा.

तुमची विद्यार्थिनी,
खिडकीजवळचं तिसरं टेबल