75 टक्के विश्वासार्हता म्हणजे सरासरीचे 75 टक्के नव्हे

मा. संपादक, स.न.वि.वि.

गोदावरीच्या पाण्यावरील कालच्या वृत्तात ‘75 टक्के विश्वासार्ह येवा’ (येवा म्हणजे नदीतून वा धरणात वर्षभरात येणारे पाणी) काढताना सरासरीला सरळ 0.75 ने गुणले आहे. ही साफ चूक आहे. जायकवाडीला पाणी सोडण्यावरून दरवर्षी वाद होत असताना असला आकडा छापणे बेजबाबदारपणाचे आहे.

75 टक्के विश्वासार्ह येवा म्हणजे शंभरातल्या 75 वर्षांत निदान तेवढे पाणी येतेच. जून ते मे या जलवर्षांचे येवे उतरत्या क्रमाने मांडायचे आणि अनुक्रमांकाला एकूण वर्षे अधिक एक या संख्येने भागायचे; भागाकार 0.75 येतो तो येवा घ्यायचा. 39 वर्षांच्या नोंदी असतील तर तिसावा आकडा हे उत्तर. आपण दहाच वर्षे घेतलीत. त्यात 2015 चा दुष्काळ किंवा 2019 चा पूर धरला की वगळला, एवढ्यावर उत्तर हलते. शिवाय वरच्या बाजूला काश्यपी, गौतमी गोदावरी ही धरणे झाल्यानंतर गंगापूर धरणाचा मोजलेला येवा नैसर्गिक राहिलेला नाही. वरचा वापर, साठ्यातला फरक आणि बाष्पीभवन त्यात मिळवल्याशिवाय कोणतेही संख्याशास्त्रीय वितरण (किती येवा किती वेळा येतो हे सांगणारे गणिती सूत्र) बसवू नये.

सरासरी 1000 दलघमी (दशलक्ष घनमीटर) धरा. विचरण गुणांक (वर्षावर्षातला चढउतार सरासरीच्या किती पट, हे सांगणारा आकडा) 0.2 असेल तर लॉग-नॉर्मल वितरणाने (हे शून्याखाली जात नाही) 75 टक्के येवा सुमारे 858 येतो, 0.6 असेल तर 590. आपल्या रीतीने दोन्हीकडे 750! सह्याद्रीच्या माथ्यावर हा गुणांक कमी असतो, पूर्वेला पर्जन्यछायेत वाढतो. म्हणजे जिथे पाणी आधीच बेभरवशाचे, तिथेच आपला आकडा फुगतो.

सोबतच्या आलेखात घंटेच्या आकाराचे सामान्य वितरण दाखवले आहे. 0.6 गुणांकाला ते शंभरात जवळपास पाच वर्षे नदीत शून्याहून कमी पाणी दाखवते. 75 टक्क्यांवर त्याचे उत्तर 595, म्हणून दोष लपतो. पिण्याच्या पाण्यासाठी 95 टक्क्यांचा आकडा पाहिला तर मात्र ते 13 सांगते आणि लॉग-नॉर्मल 344. खालचे टोक महत्त्वाचे असेल तिथे लॉग-नॉर्मल, गॅमा, पिअर्सन प्रकार 3 अशी वितरणे नोंदींशी ताडूनच निवडावीत.

आणखी एक. पावसाळ्यात आपण विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) देता, किती तास ते देत नाही. 11,574 क्युसेक चोवीस तास चालले तर एक टीएमसी (अब्ज घनफूट) होते. कालावधी छापल्याशिवाय किती पाणी खाली गेले, हे वाचकाला कळणार कसे?

कालचा तक्ता दुरुस्त करून पहिल्या पानावर छापावा, ही विनंती.

एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक