यंदा गणपतीला येत नाही

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी वाचा, मग रागवा. यंदा गणपतीला मी येत नाही, तिकीट रद्द केलंय. फोनवर आई गप्प झाली असती आणि मग मला राहवलं नसतं.

त्या दिवाळीसारखं काही लपवत नाहीये. मोठ्या आतड्याला सूज आणणारा माझा कोलायटिस थोडा उसळलाय, एवढंच. दिवसातून ६-७ वेळा जावं लागतं. रात्रीच्या एसटीत, घाटात, कंडक्टरला किती वेळा गाडी थांबवायला सांगू?

बाबा, तुम्ही दिलेल्या पेनकिलरना हात लावलेला नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी हा आजार उलट भडकू शकतो, डॉक्टरांनी बजावलंय. सूज उतरवणारी मेसालामाइन मात्र रोज घेते. आई, हे वाक्य दोनदा वाच.

कळ आली की गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरते, गुडघे जवळ घेऊन कुशीवर पडते. एक हात पोटावर. तो वर उचलला जाईल इतका सावकाश श्वास घ्यायचा, सोडायचा त्याहून सावकाश. १० मिनिटांत कळ जात नाही, पण तिची धार बोथट होते. निम्मं पोट तर कळेच्या धास्तीनेच आवळलेलं असतं.

जेवण थोडं थोडं, पाचदा. मऊ भात, तूप-मीठ, साल काढलेला दुधी. उसळी आणि कच्च्या कोशिंबिरी सध्या बंद. खाल्लेलं सगळं वहीत लिहिते. इतके दिवस चहाला शिव्या घातल्या, वहीत बघितलं तर चोर निघाली ऑफिसखालची कांदाभजी!

बाबा, लहानपणी कोमट पाण्यात हिंग कालवून तुम्ही माझ्या बेंबीभोवती बोट फिरवायचात, ‘गेलं का मांजर?’ विचारायचात. परवा रात्री मी तेच केलं. हिंगाने काय झालं देव जाणे, बोट फिरवता फिरवता झोप मात्र लागली.

ताप आला, शौचातून जाणारं रक्त वाढलं किंवा पोट फुगलं, तर शेकत बसणार नाही, थेट हॉस्पिटल गाठीन. शेजारच्या मावशींकडे किल्ली दिलीय.

आता माझं ऐका. आई, एकटीने मोदक वळत बसू नकोस, बाबांना नारळ खवायला बसव. बाबा, मखरासाठी स्टुलावर चढायचं नाही. बीपीची गोळी आरती झाल्यावर नाही, वेळेवर. आणि मेथीचे लाडू पाठवू नका, नाहीतर मी खाईन.

काका येतील तेव्हा त्यांच्याकडे हिंगाची छोटी डबी द्या. इथल्याला तसा वास नाही.

तुमची,
चिमी