डोंगरावर कचराकुंडी नकोच

संपादक महोदय,

पावसाळा लागला की ठाणे-कल्याणहून शनिवार-रविवारी माहुली, गोरखगड, नाणेघाटाकडे बसगाड्या सुटतात आणि सोमवारी वर साचलेल्या प्लास्टिकचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. पाठोपाठ ठरलेली मागणी येते : वन विभागाने वर कचराकुंड्या ठेवाव्यात. पदभ्रमंतीचे संयोजन करणाऱ्या आम्हा काही जणांचा या मागणीला विरोध आहे. कुंडी ठेवायला एक दिवस पुरतो, पण ती दर आठवड्याला रिकामी कोण करणार? पावसाचे पाणी भरलेली गोणी पाठीवर घेऊन माहुलीची लोखंडी शिडी उतरायला कोण तयार होईल? कुंडी भरते, माकडे ती उपसतात, उरलेले वारा दरीत नेतो. शिवाय तुडुंब भरलेल्या कुंडीशेजारी पाकीट टाकताना कुणालाच काही वाटत नाही.

पायथ्याच्या गावात कचरा सोडणे हाही उपाय नव्हे. छोट्या ग्रामपंचायतीकडे घंटागाडी कुठली? त्याचा शेवट खड्ड्यात, नाहीतर काडी लावून. ओले प्लास्टिक धड जळतही नाही. ठाण्या-नवी मुंबईत सुक्या कचऱ्याची गाडी सोसायटीच्या दारात येते, म्हणून कचरा तिथवर परत आणायचा. मुळात तो न्यायचाच कमी.

सर्वांत मोठा वाटा पाण्याच्या बाटल्यांचा. ४० जणांच्या गटाला माणशी तीन लिटर धरले, तर विकतच्या १२० बाटल्या होतात. प्रत्येकाने घरून दोन लिटर भरून आणावे आणि परतीच्या तिसऱ्या लिटरसाठी बसमध्ये २० लिटरचे दोन जार ठेवावेत. जार तोटीचेच घ्या. बिनतोटीचा जार वाकवून ओतताना निम्मे पाणी बसमध्ये सांडते, आणि मग लोक टपरीवर बाटली घ्यायला धावतात. तरीही एखादी बाटली आलीच, तर रिकामी झाल्यावर पिळून चपटी करायची आणि झाकण लगेच घट्ट लावायचे, म्हणजे ती पुन्हा फुगत नाही आणि झाकणही हरवत नाही.

खाऊ आदल्या रात्रीच पाकिटांतून काढून डब्यांत भरावा. चिवडा, भडंग, शेंगदाणे सुटे मिळतात; छोट्या पाकिटांचा हट्ट कशाला? चिप्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. वाटेवर सर्वाधिक सापडतो तो गोळ्यांच्या आणि ग्लुकोजच्या पुड्यांचा फाडलेला कोपरा. पुडी पूर्ण न फाडता कोपरा तिलाच लटकता ठेवला की हा कचरा होतच नाही. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तेव्हा स्टीलचा पेला सोबत हवाच. जेवण गावात असेल तर स्टीलची ताटे हवीत, हे आदल्या दिवशीच फोनवर सांगावे. ऐनवेळी सांगितले की समोर चंदेरी पत्रावळीच येतात.

प्रत्येकाच्या खिशात धुऊन वाळवलेली एक लिटरची दुधाची पिशवी असावी. ती जाड असते, तोंड दुमडून रबर लावले की गळत नाही. सुका कचरा तिच्यात. फळांच्या साली, उष्टे वेगळ्या डब्यात. संत्र्याची साल ‘कुजून जाते’ म्हणून फेकतात, पण ती कातळावर आठवडेच्या आठवडे पडून राहते आणि माकडांना माणसांच्या मागे लावते. वेट वाइप्समध्ये बहुधा प्लास्टिकचे धागे असतात, तेही परत आणायचे. सॅनिटरी पॅडसाठी कागद, दुधाची पिशवी आणि घट्ट झाकणाचा अपारदर्शक डबा लागतो. मुलींना मागायला लागू नये म्हणून हा डबा संयोजकानेच गटात ठेवावा. दहा-वीस रुपयांचे पातळ रेनकोट मात्र सरळ बंद करा. करवंदीच्या जाळीत ते फाटतात आणि त्यांच्या चिंध्या तिथेच राहतात.

ओले-सुके एकत्र झाले की बसमध्ये वास सुटतो, चालक कुरकुरतो आणि गटाच्या कचऱ्याची गोणी हायवेच्या ढाब्यामागे उतरते. सगळी मेहनत तिथे वाया जाते. त्यामुळे गोणी ठाण्यात कोण घरी नेणार, त्याचे नाव निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.

राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. पण देशव्यापी यादीत ताटे, कप, चमचे, स्ट्रॉ आहेत. पाण्याची बाटली आणि चिप्सचे पाकीट नाही. म्हणजे गडावर सापडणारे बरेचसे बंदीबाहेरचेच. म्हणून वन विभागाला आमची सूचना आहे की कुंड्यांचा खर्च वाचवून प्रवेशशुल्क घेणाऱ्या गावातील वन समितीला अनामत घेण्याचा अधिकार द्यावा. वर जाताना बाटल्या आणि पाकिटे मोजून माणशी ५० रुपये घ्यावेत आणि उतरल्यावर तेवढाच माल दाखवला की परत करावेत. रविवारी सकाळी रांग लागेल हे खरे. गटांनी आपली मोजणी आधीच कागदावर लिहून आणली, तर समितीला फक्त पडताळणी उरेल.

– पदभ्रमंती संयोजक, ठाणे