पोरं स्टिकर का मागतात ते फॉर्मवरच लिहिलेलं असतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्याच पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की डेक्कन आणि एफसी रोडच्या कॉलेजांजवळ बहुमजली पार्किंग बांधा म्हणजे पोरांच्या गाड्या रस्त्यावरून हटतील. त्यांचा राग मला कळतो, स्वतःच्या गेटसमोर रोज कुणीतरी अॅक्टिव्हा लावून लेक्चरला निघून जातं म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. पण मी ह्याच भागातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं क्लार्क आहे आणि त्यातली बरीच वर्षं दर जूनला पार्किंगचे स्टिकर वाटायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय, म्हणून जरा बोलतो. पत्र लांबणार आहे, कापायचं तर मधलं कापा, शेवटचं ठेवा.

स्टिकरला काय लागतं, तर आरसी, लायसन्स आणि पीयूसीची झेरॉक्स, आयकार्ड आणि एक पानी फॉर्म. पहिले दोन दिवस रांग जिन्यापर्यंत जाते. आरसी मामाच्या नावावर असते, पीयूसी मार्चमध्येच संपलेली असते, लायसन्स "सर फोनमध्ये आहे, दाखवतो" आणि नेमकं तेव्हाच नेट जातं. एमएच १२ तर असणारच पण एमएच २३, २४, २५, २६ पण ढीगभर, म्हणजे बीड, लातूर, धाराशिव, नांदेड. गावाकडची गाडी रेल्वेच्या पार्सलने येते नाहीतर दोघं मित्र आलटून पालटून चालवत आणतात, होस्टेलला कॉट मिळायच्या आधी गाडी पुण्यात हजर. मागे एक वडील आले होते, सगळी कागदं साडीच्या दुकानाच्या पिशवीत नीट घडी घालून आणलेली, मला म्हणाले साहेब गाडीला तेवढी सावलीतली जागा बघा, हप्ते चालू आहेत. मी काय बोलणार. सावलीतली सोडा, जागाच नाहीये.

आमच्याकडे ग्राउंडच्या कडेची एक पट्टी आणि जुन्या लॅबमागे एक पत्र्याची शेड, एवढंच पार्किंग. जेवढ्या गाड्या मावतात त्याच्यापेक्षा जास्त स्टिकर आम्ही देतो, हे मी कबूल करतो, कारण सगळ्यांची लेक्चर एकाच वेळेला नसतात असा हिशोब, जो सोमवारी सकाळी दर आठवड्याला चुकतो. मग आमचा सिक्युरिटीवाला एकेका गाडीचं मागचं चाक उचलून ती इंचाइंचाने सरकवतो, दोन हँडलमध्ये तिसरं हँडल घुसवतो. "हँडल लॉक करू नये" अशी पाटी आहे, तिच्याच खाली हँडल लॉक केलेल्या गाड्या असतात. कुणीतरी घाईत साइड स्टँडवरची गाडी काढतं, ती शेजारच्या गाडीवर जाते, ती पुढच्या, आणि अख्खी रांग आडवी होते, तो आवाज मला दुसऱ्या मजल्यावर ऑफिसात येतो आणि पाच मिनिटांत फुटलेला आरसा हातात घेऊन कुणीतरी माझ्या खिडकीशी येतंच येतं.

त्या शेडमध्ये खाली बघितलं तर फरशीत अजून लोखंडी पट्ट्या आहेत, सायकलचं पुढचं चाक अडकवायच्या. नवीन पोरांना त्या कशाच्या आहेत तेच कळत नाही, ठेच लागते म्हणून काढून टाका असा अर्ज आला होता. आम्ही शिकत होतो तेव्हा ही शेड सायकलींनी भरलेली असायची आणि डबलसीट दिसलं की पोलीस चाकातली हवा सोडायचे, तीच आमची टोइंग. आता ते सगळं परत आणा असं मी म्हणत नाही, धायरीहून किंवा वाघोलीहून सायकलवर ये असं मी माझ्या पोराला सांगणार नाही तर दुसऱ्याच्या कुठून सांगू. महापालिकेने २०१७ ला सायकल आराखडा केला, त्याच डिसेंबरात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधला भाड्याच्या सायकली आल्या, पोरं दोन-तीन महिने हौसेने फिरली, मग सायकली कुठे गटाराशेजारी कुठे सोसायटीच्या जिन्याखाली सापडायला लागल्या आणि बघता बघता दिसेनाशाच झाल्या. २०१८ ला पार्किंगचं धोरण मंजूर झालं, तेही पाच रस्त्यांवर प्रायोगिक करू असं म्हणून, पुढे काय झालं ते आपण सगळेच बघतोय. सम तारखेला इकडे विषम तारखेला तिकडे, एवढंच काय ते आपलं धोरण उरलंय.

आता बहुमजलीचं. मंडईला आर्यन आहे, मिनर्व्हा आहे, नारायण पेठेत हमालवाडा आहे, सगळी बहुमजली पार्किंगच, म्हणून लक्ष्मी रोडला गाडी लावायला जागा सापडते का हो? कॉलेजजवळ चार मजले बांधले तर पहिल्या वर्षी सुटल्यासारखं वाटेल, दुसऱ्या जूनला माझ्या खिडकीशी रांग दुप्पट, कारण आज जी पोरं "जागा मिळत नाही बाबा" म्हणून मित्राच्या मागे बसून येतात तीही आपापली गाडी काढतील.

हे मी अंदाजाने म्हणत नाहीये, फॉर्म बघून म्हणतोय. दोन वर्षांपूर्वी एका मुलीचा फॉर्म आला, एसवायची म्हणजे दुसऱ्या वर्षाची, राहायला आंबेगावच्या पुढे. मी नेहमीप्रमाणे आयकार्ड मागितलं तर आयकार्डच्या प्लास्टिकच्या पाकिटात मागे बसचा महिन्याचा पास होता, अजून आठ दिवस बाकी असलेला. मी म्हटलं अगं पास आहे की तुझ्याकडे, मग गाडी कशाला? तर ती म्हणाली सर, पहिलं लेक्चर सात-वीसला. तिला घरापासून मेन रोडपर्यंत चालत, तिथून स्वारगेटची बस, स्वारगेटला बदलून दुसरी बस, आणि ह्यातली एक जरी आली नाही किंवा आली पण दारापर्यंत लटकलेली असली तर गेट बंद. पहिल्या सेमला डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं, पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही म्हणून वडिलांना बोलावलं. ते पत्र टाइप करून मीच पाठवलं होतं, मला आठवतही नव्हतं. वडिलांनी डिफॉल्टरचं पत्र बघितलं आणि त्याच महिन्यात हप्त्यावर सेकंडहँड गाडी घेतली. दुसऱ्या सेमला हजेरी शंभर टक्के. आता सांगा हिला तुम्ही काय सांगणार, की सार्वजनिक वाहतूक वापर?

आणि हिशोबाने बघितलं तर बस स्वस्त आहे. पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, विद्यार्थी पास महिन्याला ७५०, २०२५ च्या जूनमध्ये भाडं वाढवलं, किमान तिकीट पाचाचं दहा झालं, साधा महिन्याचा पास ९०० चा १५०० झाला, तरी विद्यार्थ्यांचा पास तेवढाच ठेवला, चांगलं केलं. पेट्रोल शंभरच्या वर आहे. म्हणजे पोरं पैशासाठी गाडी घेत नाहीयेत, गाडी महागच पडते, हप्ता, पेट्रोल, सर्व्हिसिंग, वर महिन्यातनं एकदा टोइंगवाले उचलून नेतात तो दंड वेगळा, तो भरताना पोरं मेसचे पैसे वापरतात हे मला माहितीये कारण उसने मागायला आमच्या शिपायाकडे येतात. एवढं सगळं करून घेतात, कारण गाडी वेळेवर पोचवते.

अजून एक गोष्ट जी कुणाच्या लक्षात येत नाही. महापालिकेच्या शाळेतल्या पोरांना पाचवी ते दहावी बसचा पास फुकट मिळतो, हद्दीतल्या खासगी शाळेतल्या पोरांना पंचाहत्तर टक्के सवलत. चांगली योजना आहे, माझ्या भाच्यानेही वापरली. पण ती दहावीला संपते. म्हणजे ज्या वर्षी शाळा घराजवळची सुटते आणि कॉलेज लांबचं मिळतं, नेमकी त्याच वर्षी सवलत बंद. अकरावीची प्रवेश यादी लागते, सिंहगड रोडच्या मुलाला शिवाजीनगर मिळतं, हडपसरच्या मुलीला कर्वे रोड, आणि पाच वर्षं बसने गेलेलं पोर सोळाव्या वर्षी बस सोडतं, एकदा सोडली की पुन्हा कोण चढतंय.

त्यात सोळा ते अठरा हा मधला काळ. अकरावी-बारावीच्या पोरांना आम्ही स्टिकर देतच नाही कारण लायसन्स नाही, म्हणजे कायद्याने आमचं काम झालं. पण गाड्या येतात! फक्त आत येत नाहीत, बाजूच्या गल्लीत, बोळात, सोसायटीच्या भिंतीला लागतात, तुमच्या त्या पत्रलेखकांच्या गेटसमोरच्या निम्म्या गाड्या बहुतेक ह्यांच्याच असणार. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघं गेले तो अपघात झाला, त्यानंतर महिनाभर गल्ल्या एकदम रिकाम्या, मग हळूहळू परत भरल्या. पालकसभेत मी एका आईला विचारलं तर त्या म्हणाल्या, बसमध्ये एवढ्या गर्दीत मुलीला पाठवण्यापेक्षा गाडी बरी वाटते. चूक आहे हे त्यांनाही माहीत होतं.

मेट्रोचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. २०२२ च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज सुरू झाली, २०२४ च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंत आली, विद्यार्थ्यांना तिकिटात तीस टक्के सवलत आहे, आणि फरक पडलाय, कोथरूडची बरीच पोरं आता मेट्रोने येतात, पिंपरीची तर नक्कीच, त्यांना आता जुन्या मुंबई हायवेवरून गाडी दामटत येणं वेडेपणाच वाटतो. म्हणजे पोरं गाडीला चिकटलेली नाहीत, दुसरं काही वेळेवर मिळालं की सोडतात. पण ज्या बाजूने मेट्रो नाही त्या बाजूचं काय? स्वारगेट-कात्रजला केंद्राची मंजुरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये मिळाली, ती पुरी होईपर्यंत आजची एसवाय नोकरीला लागलेली असेल. (मी स्वतः सिंहगड रोडचा, मी पण गाडीवरच येतो, स्टाफ पार्किंगमध्ये माझी जागा ठरलेली आहे आणि तिथे कुणी लावली तर मी पण चिडतो, हे लपवत नाही.)

तर माझं म्हणणं फार मोठं नाहीये. एसटीने २०२५ च्या जूनपासून पास थेट शाळा-कॉलेजात नेऊन द्यायला सुरुवात केली, पोरांना डेपोच्या रांगेत उभं राहायला नको. शहरातल्या बसलाही हे जमायला हरकत नाही, अॅडमिशनच्या रांगेतच पासचं टेबल मांडा, आमच्या हॉलमध्ये मांडा, टेबल-खुर्च्या-पंखा मी देतो. दहावीला संपणारी सवलत बारावीपर्यंत न्या, पंचाहत्तर टक्के नाही जमत तर पन्नास द्या. आणि सकाळी सहा ते सात ह्या एका तासात कुठून कुठे जादा बस पाहिजे ते ठरवायला सल्लागार नेमू नका, ते सगळं माझ्या कपाटात आहे. प्रत्येक स्टिकरच्या फॉर्मवर पोराचा पत्ता असतो, वर्ग असतो, आणि वर्गावरून पहिलं लेक्चर किती वाजता ते टाइमटेबलमध्ये दिसतं. गेल्या वर्षी एका रविवारी मी बसून ते गठ्ठे एरियाप्रमाणे लावले. कात्रज-आंबेगाव-नऱ्हे ह्यांचा एक गठ्ठा, धायरी-वडगावचा एक, वारजे-शिवण्याचा एक, हडपसर-मांजरीचा एक, आणि बाकी सगळं उरलेलं मिळून एक. ह्या चार गठ्ठ्यांच्या चार रस्त्यांवर न बदलता थेट डेक्कनला येणारी आणि सातच्या आत पोचणारी बस सोडली, नुसती कागदावर नाही तर रोज, तर माझ्या शेडमध्ये निदान माणूस चालायला जागा होईल. दुसऱ्या कॉलेजांच्या कपाटातही असेच गठ्ठे असणार, स्टिकरचं काम संपलं की जुलैत सगळे रद्दीत जातात.

आमचे ह्या वर्षीचे मी दिलेले नाहीत रद्दीला. नावं आणि फोन नंबर झाकून झेरॉक्स काढून ठेवल्यात, साहेबांची परवानगी पण घेतलीय. बसच्या टाइमटेबलचं काम बघणारं कुणीही येऊन बघू शकतं, दुपारी दोन ते चार, शनिवार सोडून. फक्त येताना गाडी आणू नका, लावायला जागा नाही.

आपला,
एक कॉलेज कर्मचारी,
वडगाव बुद्रुक, पुणे