डॉक्टर, त्या न दिलेल्या इंजेक्शनबद्दलही आभार

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला आठवत नसेल, पण पहिल्या भेटीत माझ्या तोंडात डोकावण्याआधी तुम्ही माझ्या गालांवर हात ठेवलेत. दोन्ही हातांची बोटं कानांच्या जरा खाली, जबड्याच्या कोपऱ्यांवर टेकवलीत आणि म्हणालात, "दात घट्ट आवळा." मी आवळले. "आता सोडा." मी सोडले. तुमची बोटं तिथेच होती. "अजून सुटलेले नाहीत," तुम्ही म्हणालात.

मला ते खरंच कळलं नव्हतं. माझ्या दृष्टीने माझा जबडा तेव्हा अगदी सैल होता.

त्याआधीची दोन वर्षं माझी वेगवेगळ्या दारांत गेली होती. सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकायची, म्हणून डोकेदुखीच्या गोळ्या. उजवा कान दुखायचा, म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे दोनदा तपासणी. कान स्वच्छ निघाला. मग एका दाढेला चीर गेली. दुसऱ्या दाढेतलं सिमेंट दोनदा निघालं आणि दोनदा भरलं गेलं. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचा तुकडा नीट पाहिला, त्यांना मी दोष देत नाही. पण हे सगळे तुकडे एकाच स्नायूला जोडलेले आहेत, हे पहिल्यांदा तुमच्या बोटांना कळलं.

घरी खरं तर पुरावा रोजचा होता. रात्री तू दात खातेस, खडी भरडल्यासारखा आवाज येतो, असं नवरा कितीदा म्हणाला होता. पण आपल्याकडे झोपेत दात खाणं म्हणजे लहान मुलांचा विषय, पोटात जंत झाले असतील म्हणून सोडून द्यायचा. मोठ्या माणसाने दात खाल्ले तर त्याच्या मनात काहीतरी खदखदतंय असं समजतात. दातओठ खाणं हा शब्दच रागासाठी आहे. मी कुणावर रागावले होते, हे मीही रात्र-रात्र शोधत बसले. म्हणून तुम्ही जे सांगितलंत त्याने माझं केवढं ओझं उतरलं, ते तुम्हाला ठाऊक नसेल. झोपेत मेंदू काही सेकंद अर्धवट जागा होतो, हृदयाचे ठोके जरा वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू एका लयीत आवळू लागतात. असे क्षण सगळ्यांच्याच झोपेत येतात, काहींचा जबडा त्यात फार जोर लावतो. ताणाने यात भर पडते, पण हा स्वभावाचा दोष नाही, असं तुम्ही अगदी स्पष्ट म्हणालात.

मग तुम्ही प्रश्न विचारलेत. घोरता का? दिवसा पेंग येते का? कॉफी किती, कधी? सिगारेट, दारू? नैराश्यावरची एखादी गोळी चालू आहे का, कारण त्यातल्या काही औषधांनी दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं. दातांसाठी आलेल्या बाईला इतकं सगळं का विचारता, असं माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. झोपेत श्वास अडकत असेल तर आधी त्याचा उपचार, जबड्याचा नंतर, असं तुम्ही सांगितलंत आणि झोपेची तपासणी करायला लावलीत. ती ठीक निघाली. तेव्हा कुठे तुम्ही माप घेऊन नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं संरक्षक आवरण, बनवलात.

गार्ड देतानाही तुम्ही खोटी आशा लावली नाहीत. "हा दात वाचवेल, दात खाणं थांबवणार नाही." तसंच झालं. सहा महिन्यांत गार्डवर चरे पडले, माझे दात शाबूत राहिले, पण सकाळचा ठणका होता तिथेच होता.

आणि मग बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू काही काळ दुबळा करणाऱ्या इंजेक्शनाचा, विषय मी काढला, तुम्ही नाही. मधल्या काळात मी दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथे त्याच दिवशी इंजेक्शन द्यायची तयारी होती आणि वर चेहरा निमुळता दिसेल असंही आश्वासन होतं. झोपेबद्दल, औषधांबद्दल एकही प्रश्न नाही. मी हे तुम्हाला जरा चाचरत सांगितलं. तुम्ही त्यांना नावं ठेवली नाहीत. एक कागद घेतलात आणि स्नायूचं चित्र काढायला लागलात.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. एका बाजूला मज्जातंतूचं टोक, दुसऱ्या बाजूला स्नायू, मध्ये अगदी बारीक फट. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन त्या फटीत सुटतं आणि स्नायूला आवळण्याचा हुकूम मिळतो. बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे बोटॉक्समधलं औषध, तंतूच्या टोकात शिरून ते रसायन बाहेर सोडणारं एक प्रथिन कापून टाकतं. हुकूम निघतो, पण पोचत नाही. स्नायू मरत नाही, काही काळ दुबळा होतो. तीन-चार महिन्यांत तंतू आपला मार्ग पुन्हा उभा करतो आणि जोर परत येतो. मग तुम्ही चित्राखाली एक ओळ लिहून तिच्याखाली रेघ मारलीत: "दात खाण्याची खोड मेंदूत आहे, तिथे हे औषध जात नाही." म्हणजे रात्री जबडा आवळायचे प्रसंग कदाचित तेवढेच येतील, त्यांतला जोर तेवढा कमी होईल. मला हे कुणीच असं सांगितलं नव्हतं.

हे मुळात एक भयंकर विष आहे, हे तुम्ही लपवलं नाहीत. उलट त्याची गोष्ट सांगितलीत, आणि शब्दांत रमणाऱ्या मला ती फार आवडली. जर्मनीत युस्टिनस केर्नर नावाचा डॉक्टर होता, तो कवीही होता. बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचा त्याने बारकाईने अभ्यास केला आणि हेच विष अगदी थोड्या प्रमाणात दिलं तर अतिरेकाने चेतलेल्या नसा शांत करायला उपयोगी पडेल, असं १८२२ मध्ये लिहून ठेवलं. 'बोट्युलस' म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेजच. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी ॲलन स्कॉट या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने त्याचा उपयोग तिरळ्या डोळ्यांसाठी करून दाखवला, १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली आणि १९९० मध्ये दात खाणाऱ्या एका रुग्णावर वापरल्याचा अहवाल छापून आला. त्या रुग्णाच्या मेंदूला इजा झालेली होती. सुरकुत्यांसाठीची अधिकृत मान्यता त्यानंतरची. आणि हेही तुम्हीच सांगितलंत, की दात खाण्यासाठी अमेरिकेत या औषधाला अशी अधिकृत मान्यता नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर, पेशंटची संमती घेऊन ते वापरतात. संमतीपत्रावर सही करताना मला त्यातलं प्रत्येक वाक्य समजलेलं होतं. मी मुद्रितशोधनाचं काम करते, न समजता सही करणं मला जमत नाही, आणि तुम्ही त्यासाठी अर्धा तास दिलात.

गरोदर आहात का, बाळाला अंगावर पाजता का, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार आहे का, कुठली अँटिबायोटिक्स चालू आहेत का, हे विचारून झाल्यावर तुम्ही पांढऱ्या पेन्सिलीने कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढलीत. "या रेघेच्या वर जायचं नाही." पुन्हा दात आवळायला लावलेत, स्नायूची पुढची कड बोटाने चाचपलीत आणि तिच्या आत प्रत्येक गालावर तीन टिंबं दिलीत. दोन्ही बाजूंना २५-२५ युनिट. युनिटचा हा आकडा याच कंपनीच्या औषधाचा, दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर तो तसाच लागू होत नाही, हे तुम्ही माझ्या फाइलवर औषधाच्या नावासकट लिहून दिलंत. बर्फ लावला, सुई टोचली, चुरचुरलं. सहा टोचण्या, पाच मिनिटं. काही तास आडवं व्हायचं नाही, गाल चोळायचे नाहीत. बस.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही. सहाव्या दिवशी सकाळी उठून मी पलंगावर बसले आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. कानशिलं दुखत नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तोंड पूर्ण उघडून जांभई दिली.

दुसऱ्या आठवड्यात कडक काही चावताना जबडा लवकर दमायचा, तेही तुम्ही आधीच सांगितलेलं असल्याने मी घाबरले नाही. घाबरले ती दुसऱ्या वेळच्या इंजेक्शनांनंतर. दहाव्या दिवशी आरशात हसून पाहिलं तर उजवा कोपरा वर जाईना. मी रडत फोन केला. तुम्ही त्याच संध्याकाळी बोलावलंत, मला हसायला, शीळ घालायला, गाल फुगवायला लावलंत. मग समोर बसून म्हणालात, "उजवीकडचा एक बिंदू थोडा पुढे पडला आणि औषध हसण्याच्या स्नायूपर्यंत गेलं. हे माझ्याकडून झालं. काही आठवड्यांत ते जाईल, तोवर दर पंधरा दिवसांनी मी तुम्हाला बघीन."

डॉक्टर, या वाक्यासाठी मी हे पत्र उघडपणे लिहिते आहे. 'कधीकधी असं होतं' म्हणून तुम्हाला वेळ मारून नेता आली असती. तीही खोटी गोष्ट नव्हती, हा ज्ञात दुष्परिणाम आहे आणि संमतीपत्रात लिहिलेला होता. तरी तुम्ही 'माझ्याकडून' म्हणालात. सातव्या आठवड्यात माझं हसू सरळ झालं. मधल्या भेटींचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, पण मला लक्षात राहिलं ते दर भेटीत तुम्ही माझा फोटो आधीच्या फोटोशेजारी ठेवून मिलिमीटरमध्ये फरक दाखवायचात. धीर देणं आणि मोजून दाखवणं यांत काय अंतर आहे, ते मला तेव्हा कळलं.

तिसरी वेळ सुरळीत पार पडली. चौथ्या वेळी मी आधीच तारीख घेऊन आले होते, कारण आता मला त्या आरामाची सवय झाली होती. तुम्ही पुन्हा पहिल्या दिवसासारखी बोटं ठेवलीत. "आवळा. सोडा." आणि नकार दिलात.

मला वाईट वाटलं, हे कबूल करते. तुम्ही सांगितलंत की स्नायू आता बराच बारीक झाला आहे, ठणका नाही आणि गार्डवर नवे चरे जवळजवळ नाहीत. वारंवार इंजेक्शनं देऊन स्नायू दुबळाच ठेवला तर जबड्याच्या हाडावर पडणारा रोजचा भार कमी होतो, आणि त्याने हाड विरळ होण्याची शंका काही अभ्यासांतून पुढे आली आहे. ती शंका पूर्ण फिटलेली नसताना केवळ सवय म्हणून सुई टोचायला तुम्ही तयार नव्हता. "दुखायला लागलं तर दार उघडं आहे. पण आता दिवसाचं काम तुमचं."

दिवसाचं काम म्हणजे तो लाल ठिपका. तुम्ही दिलेली बिंदूएवढी चिकटपट्टी माझ्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यावर आहे. प्रूफं तपासताना एखादी चूक सापडली की माझे दात एकमेकांवर बसायचे, हे मला तिच्यामुळेच कळलं. ठिपक्यावर नजर गेली की ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे सैल. पहिल्या आठवड्यात बघावं तेव्हा दात आवळलेलेच असायचे. जेवण-गिळणं धरून दिवसभरात दात एकमेकांना जेमतेम काही मिनिटंच टेकायला हवेत, असं तुम्ही म्हणाला होतात. मी तर तासन् तास टेकवून बसायचे. आता दहातून दोन-तीनदा. हे शिकायला इंजेक्शनाने दिलेले ते दुखण्याविनाचे महिने लागले. ठणका चालू असताना मला हे जमलं नसतं, आणि इंजेक्शनं चालूच राहिली असती तर मी शिकलेच नसते.

शेवटच्या इंजेक्शनाला आता अकरा महिने झाले. स्नायूचा जोर परतलाय, चावताना जाणवतो. दोन आठवडे कामाची फार घाई होती तेव्हा कानशिलं पुन्हा ठणकली आणि मी तुमचा नंबर काढून बसले होते. गरम शेक घेतला, रात्री उशिराची कॉफी बंद केली, ठणका उतरला. पुढे कधी पुन्हा इंजेक्शन लागलंच तर घेईन, भीती वाटणार नाही. पण माझ्या गालावर बोटं ठेवून तुम्ही 'हवं' म्हणालात तरच.

नवरा तुम्हाला नमस्कार सांगतो आहे. रात्री आवाज येतो का असं परवा विचारलं, तर म्हणाला, कधीमधी, पण खडीचा नाही.

पुढच्या महिन्यात तपासणीला येते आहे. गार्ड बरोबर आणते, चरे दोघींनी मिळून मोजू.

तुमची,
एक पेशंट